मनूचा शोध : गजानन माधव मुक्तिबोध यांचे समीक्षक-जीवन

हिंदी नवकवितेच्या इतिहासात गजानन माधव मुक्तिबोध यांचे स्थान आता वादातीत झाले आहे. परंतु कवी म्हणून त्यांना लाभलेल्या या मरणोत्तर कीर्तीमुळे त्यांच्या समीक्षालेखनाकडे कवितेची पुरवणी म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांना जडली, आणि ती फारशी हितावह ठरलेली नाही. साहित्यकृतीतील पात्र हे केवळ कथानकाचे वाहन नसून एका विशिष्ट काळाचे, वर्गाचे आणि त्या वर्गाच्या अंतःकरणातील पेचांचे साकार रूप असते, ही जाण मुक्तिबोधांना ग्रंथांतून जितकी मिळाली तितकीच घरातून, बदल्यांच्या गावांतून आणि अर्धपोटी नोकऱ्यांतून मिळाली. म्हणून त्यांच्या समीक्षेचा विचार त्यांच्या चरित्रापासून अलग काढून करता येत नाही. या चरित्रात जबलपूर दोनदा महत्त्वाचे ठरते: एकदा त्यांच्या वास्तव्याचे गाव म्हणून, आणि दुसऱ्यांदा, ते तेथे राहत नसताना, त्यांच्या सर्वांत मौलिक गद्याला आश्रय देणारे ठिकाण म्हणून.

मुक्तिबोधांचे घराणे मूळचे खानदेशातील, जळगावकडचे. उपजीविकेसाठी उत्तरेकडे गेलेल्या असंख्य महाराष्ट्रीय कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही ग्वाल्हेर संस्थानात स्थिरावले. तेथील श्योपूर या गावी १३ नोव्हेंबर १९१७ रोजी गजाननरावांचा जन्म झाला. वडील माधवराव हे संस्थानच्या पोलीस खात्यात अधिकारी होते. सचोटीचे, करारी आणि धार्मिक वृत्तीचे गृहस्थ असा त्यांचा लौकिक होता. पोलिसाच्या घरी मुलांना जे मिळते ते गजाननरावांनाही मिळाले: लहानपणी शिपायांचा सलाम आणि लाड, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवे गाव, नवी शाळा, तुटलेली मैत्री. वडिलांच्या निवृत्तीनंतर हा थाट ओसरला आणि मागे उरले ते मध्यमवर्गीय घराचे काटकसरीचे जिणे. वैभवाच्या ओसरण्याचा हा अनुभव पुढे ‘कामायनी’तील देवसृष्टीच्या विनाशाचे वर्णन वाचताना त्यांच्या मनात जागा झाला असेल काय, हा प्रश्न चरित्रकाराला टाळता येणार नाही, त्याचे उत्तर मात्र अनुमानाच्या पलीकडे नेता येत नाही.

आई पार्वतीबाई. बुंदेलखंडाच्या हिंदी वातावरणात वाढलेल्या या बाईंचे शिक्षण बेताचेच झाले होते. परंतु वाचनाची ओढ मोठी होती. प्रेमचंद आणि हरि नारायण आपटे हे त्यांचे आवडते लेखक. एक हिंदीतला, एक मराठीतला. दोघेही गांजलेल्या माणसांचे, विशेषतः गांजलेल्या स्त्रियांचे कथाकार. पार्वतीबाई आचाराने परंपरानिष्ठ होत्या, परंतु सामाजिक जुलमाविषयीचा संताप त्यांच्या मनात सदैव धुमसत असे. प्रेमचंदांची पात्रे त्यांना पुस्तकापुरती वाटत नसत. आपल्या घरच्या, शेजारच्या माणसांतच ती त्यांना भेटत. त्या मुलाला ही गोष्टींमधली माणसे ओळखायला शिकवीत. पुढे मुक्तिबोधांनी आईवर आणि प्रेमचंदांवर मिळून एक निबंध लिहिला. प्रेमचंद आणि जयशंकर प्रसाद शेजारी शेजारी उभे असलेल्या एका छायाचित्रापासून तो सुरू होतो. त्यात प्रेमचंदांच्या पायातील कॅनव्हासचा जोडा बोटांपाशी फाटलेला आहे. मुक्तिबोधांची नजर दोघांच्या चेहऱ्यांवरील भावांवर आणि या जोड्यावर खिळली. बाह्य तपशिलातून माणसाच्या संपूर्ण जीवनस्थितीकडे जाण्याची त्यांची रीत या छोट्या निबंधात जितकी स्पष्ट दिसते तितकी त्यांच्या भारदस्त ग्रंथांतही दिसत नाही. आपण या पोराच्या मनात कसले बीज पेरीत आहोत, याची त्या माउलीला कल्पना नव्हती, असे त्यांनीच पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे.

शाळेत ते असामान्य हुशार म्हणून ओळखले गेले नाहीत. १९३० मध्ये उज्जैन येथे मिडलची परीक्षा त्यांना साधली नाही. उज्जैनच्या माधव कॉलेजात असताना कवितालेखनाला प्रारंभ झाला. माखनलाल चतुर्वेदी यांच्या ‘कर्मवीर’मधून आरंभीच्या कविता प्रसिद्ध झाल्या. १९३८ मध्ये इंदूरच्या होळकर कॉलेजातून ते बी.ए. झाले. १९३९ मध्ये घरच्यांची इच्छा डावलून त्यांनी शांताबाईंशी विवाह केला. हा विवाह त्यांच्या आयुष्यातील पहिले मोठे बंड होय. आणि त्याची किंमत म्हणून आलेली आर्थिक ओढाताण त्यांना अखेरपर्यंत पुरली.

यानंतरची काही वर्षे माळव्यातल्या लहान गावांतील शाळामास्तरकीची. बडनगर, शुजालपूर, उज्जैन. त्यांत शुजालपूरचे शारदा शिक्षा सदन विशेष महत्त्वाचे. तेथे डॉ. नारायण विष्णू जोशी यांच्यासारख्या तत्त्वचिंतकाचा सहवास मिळाला. नेमिचंद्र जैन आणि प्रभाकर माचवे यांच्याशी गाढ स्नेह जडला. बर्गसाँच्या प्राणशक्तिवादाच्या प्रभावातून बाहेर पडून मुक्तिबोध मार्क्सवादाकडे वळले ते याच काळात. हे वळण एका रात्रीत झाले नाही, आणि जुने सारे मागे टाकूनही झाले नाही. व्यक्तीच्या अंतर्मनातील गूढ व्यापारांविषयीचे कुतूहल त्यांनी मार्क्सवादी झाल्यावरही सोडले नाही. पुढे त्यांच्या समीक्षेला जो वेगळा बाज आला त्याचे मूळ येथे आहे.

१९४३ मध्ये अज्ञेयांनी संपादित केलेले ‘तार सप्तक’ प्रसिद्ध झाले. त्यातील सात कवींपैकी दोघांची मातृभाषा मराठी होती, मुक्तिबोध आणि माचवे; आणि संग्रहात पहिले स्थान मुक्तिबोधांचे होते. मध्य भारतातील महाराष्ट्रीय समाजाच्या सांस्कृतिक इतिहासात या घटनेची नोंद जेवढी व्हावयास हवी तेवढी मराठीत झालेली नाही. उज्जैन येथे प्रगतिशील लेखक संघाची उभारणी करण्यात आणि १९४४ मध्ये इंदूरला राहुल सांकृत्यायन यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या फॅसिस्टविरोधी लेखक परिषदेच्या आयोजनातही मुक्तिबोधांचा पुढाकार होता. १९४५ मध्ये ते बनारसला गेले आणि ‘हंस’ मासिकाच्या संपादन विभागात काम करू लागले. प्रेमचंदांनी काढलेल्या मासिकात काम करण्याचे समाधान होते. पण पगार कुटुंबाला पुरणारा नव्हता. वर्षभरातच बनारस सोडावे लागले.

ते जबलपूरला आले. नर्मदेकाठच्या या शहराला तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या हिंदी विभागाचे सांस्कृतिक केंद्र म्हणून मान होता. स्वातंत्र्यलढ्याची परंपरा, सुभद्राकुमारी चौहान यांच्यासारख्या कवयित्रीचे वास्तव्य, जुन्या शिक्षणसंस्था आणि वृत्तपत्रे यांनी तेथील वातावरण भारलेले होते. मुक्तिबोधांनी हितकारिणी विद्यालयात शिक्षकाची नोकरी धरली, आणि ‘जयहिंद’ या दैनिकातही काम केले. दिवसा फळा आणि खडू, रात्री बातम्यांचे भाषांतर, अशी ती दिनचर्या. देशाची फाळणी आणि स्वातंत्र्य या दोन्ही घटना त्यांनी जबलपुरात अनुभविल्या. वृत्तपत्राच्या कचेरीत बसून इतिहास घडताना पाहणाऱ्या या मास्तरने मागे मोठे ग्रंथ ठेवले नसले, तरी या दोन वर्षांच्या मुक्कामाने त्याला एक गोष्ट पक्की शिकविली: वर्तमान हे बातमीच्या रूपात येते, आणि बातमीखालचे सत्य शोधण्यासाठी तिचे रूपांतर करावे लागते. सुभद्राकुमारींच्या यशाचे मर्म शोधणारा त्यांचा एक लेख आहे. कौटुंबिक जिव्हाळा आणि राष्ट्रीय भावना या बाईंच्या मनात दोन वेगळ्या कप्प्यांत राहत नव्हत्या, हे त्यांनी त्यात बारकाईने दाखविले आहे. १९४८ च्या फेब्रुवारीत सुभद्राकुमारींचे अपघाती निधन झाले. त्याच वर्षी मुक्तिबोध नागपूरला गेले.

नागपूर त्या वेळी हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होते. तेथील दहा वर्षे ही मुक्तिबोधांच्या वैचारिक परिपक्वतेची, आणि त्याचबरोबर हालअपेष्टांचीही वर्षे होत. प्रथम शासनाच्या माहिती व प्रकाशन खात्यात, नंतर आकाशवाणीवर, आणि १९५६ पासून ‘नया खून’ या साप्ताहिकात त्यांनी काम केले. १९५४ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळविली. सदतिसाव्या वर्षी, मुलाबाळांचा बाप असलेल्या माणसाने, परीक्षेला बसावे ही ज्ञानपिपासा खरीच. पण तिच्यामागे प्राध्यापकीची नोकरी मिळावी ही निकड अधिक होती, हे लपविण्याचे कारण नाही.

याच नागपुरात धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१–१९८४) मराठीत लिहीत होते. एकाच घरातील दोन भावांपैकी एकाने हिंदी आणि दुसऱ्याने मराठी निवडावी, आणि दोघांनीही आपापल्या भाषेत मार्क्सवादी जीवनदृष्टी आणि कलामूल्य यांची सांगड घालण्याचा प्रयत्न करावा, हे भारतीय साहित्याच्या तौलनिक अभ्यासकाला सहज मिळालेले एक दुर्मीळ उदाहरण आहे. शरच्चंद्रांचा ‘नवी मळवाट’ हा कवितासंग्रह १९४९ चा, ‘क्षिप्रा’ ही कादंबरी १९५४ ची. मराठीत तेव्हा मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचा दबदबा होता. कलेची स्वायत्तता हा त्या विचाराचा गाभा. शरच्चंद्रांनी त्याला मानुषतेच्या संकल्पनेने उत्तर दिले, आणि त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. थोरल्या भावापुढील आव्हान निराळे होते. हिंदीत एका बाजूला प्रगतिवादी समीक्षेचा ठोकळेबाजपणा, तर दुसऱ्या बाजूला नवकवितेच्या पुरस्कर्त्यांचा व्यक्तिवाद. या दोहोंच्या कात्रीत त्यांनी स्वतःची वाट काढली. दोन्ही भावांच्या समीक्षेची बाजूबाजूला ठेवून चिकित्सा करणारा सविस्तर अभ्यास हाती घेण्याजोगा आहे.

मराठी संतपरंपरेशी मुक्तिबोधांचे नाते घरगुती होते, परंतु ते भाविक नव्हते. १९५५ मध्ये त्यांनी मध्ययुगीन भक्ति-आंदोलनाच्या एका अंगावर लेख लिहिला. त्यात ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम, रामदास यांचा महाराष्ट्र आणि कबीर-तुलसीदासांचा उत्तर भारत एकमेकांशेजारी मांडून त्यांनी प्रश्न विचारला तो असा की खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून उसळलेल्या चळवळीची धार पुढे कोणी आणि कशी बोथट केली. हा लेख हिंदीतील समीक्षेला चकित करणारा ठरला, कारण त्यात कोणत्याही संतकवीचे स्थान केवळ पद्यगुणांवरून ठरविलेले नव्हते. महाराष्ट्राच्या उदाहरणावाचून तो लेख उभाच राहिला नसता. त्यातील काही विधाने आज सरसकट वाटतात. शास्त्रशुद्ध इतिहासाने ती जागोजागी दुरुस्त केली आहेत. परंतु प्रश्न विचारण्याचे धैर्य अद्याप ताजे आहे.

आता जबलपूरच्या दुसऱ्या पर्वाकडे वळावयास हवे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नागपूर मुंबई राज्यात गेले, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले. द्विभाषिक प्रांताच्या राजधानीत घरी मराठी आणि लेखणीत हिंदी घेऊन वावरणाऱ्या लेखकाच्या पायाखालची जमीनच दुभंगली. त्याच वर्षी हरिशंकर परसाई यांनी जबलपुरातून ‘वसुधा’ मासिक सुरू केले. परसाई स्वतः विनोदी आणि उपहासप्रधान गद्याचे स्वामी; मुक्तिबोधांचा स्वभाव गंभीर, शंकाकुल, काहीसा भयग्रस्त. वरवर पाहता या दोघांची जोडी जमण्यासारखी नव्हती. पण ती जमली, आणि अशी जमली की मुक्तिबोधांच्या अखेरच्या आजारापर्यंत परसाईंनी साथ सोडली नाही. ‘नया खून’मध्ये सुरू झालेली साहित्यिकाच्या दैनंदिनीची लेखमाला ‘वसुधा’मध्ये बहरली. दारिद्र्याने आणि नोकरीने पिचलेल्या लेखकाला दर महिन्याला काहीतरी लिहून पाठविण्याचा प्रेमळ तगादा लावणारा संपादक मिळणे हे भाग्यच होय. एरवी मुक्तिबोधांची कविता वर्षानुवर्षे पुनर्लेखनाच्या चक्रात अडकून पडे. हे गद्य मात्र बाहेर आले.

‘एक साहित्यिक की डायरी’ हे त्या लेखांचे संकलन नावापुरतेच दैनंदिनी आहे. त्यात तारखा नाहीत, दिवसांचे हिशेब नाहीत. आहेत ती संभाषणे. एखादा मित्र येतो, फिरायला जाणे होते, रस्त्यात वाद पेटतो. समीक्षेचे सिद्धांत येथे पात्रांच्या तोंडी येतात, आणि ती पात्रे आपापल्या स्वभावानुसार ते मांडतात. केशव हा मित्र तर्ककठोर, थोडासा रुक्ष, लेखकाला सतत उणे दाखविणारा. निवेदक भावनाशील, उतावळा. वाचकाला हळूहळू उमगते की केशव आणि निवेदक हे एकाच मनाचे दोन भाग आहेत. पात्ररचनेतून आशय शोधण्याचे तंत्र मुक्तिबोध ज्या हौसेने दुसऱ्यांच्या कृतींना लावीत, तेच तंत्र त्यांनी येथे आपल्या समीक्षक-मनाला लावले आहे.

त्यातील ‘तीसरा क्षण’ हा लेख कलानिर्मितीच्या प्रक्रियेचे तीन टप्पे मांडतो. पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांपुढे एका स्वतंत्र स्वप्नचित्राप्रमाणे उभा राहतो. मुक्तिबोध यासाठी फँटसी हा शब्द वापरतात. तिसरा क्षण ते चित्र शब्दांत उतरविण्याचा, आणि हा क्षण सर्वांत दीर्घ असतो, कारण शब्द समाजाचे असतात, त्यांना स्वतःचे संस्कार आणि अर्थ असतात, आणि ते मूळ चित्राला बदलून टाकतात. या उपपत्तीचे समीक्षेच्या दृष्टीने महत्त्व हे की तिच्यामुळे कृतीतील पात्रे लेखकाच्या अनुभवाची नक्कलही ठरत नाहीत आणि त्या अनुभवापासून सर्वस्वी मुक्तही ठरत नाहीत. समीक्षकाचे काम उलट दिशेने चालण्याचे: शब्दांतून चित्राकडे, चित्रातून त्या हरवलेल्या अनुभवाकडे.

हाच उलटा प्रवास त्यांनी जयशंकर प्रसादांच्या ‘कामायनी’च्या बाबतीत केला. १९३६ च्या या महाकाव्याचे कथानक वाचकांना परिचित आहेच. प्रलयातून एकटा वाचलेला मनू, त्याला भेटलेली श्रद्धा, तिच्या मातृत्वाविषयी मत्सर वाटून त्याने केलेला त्याग, सारस्वत प्रदेशात इडेच्या साहाय्याने उभारलेले राज्य, इडेवरच त्याने केलेला अतिक्रमणाचा प्रयत्न, प्रजेचा उठाव, घायाळ मनूला शोधीत मुलासह आलेली श्रद्धा, आणि शेवटी हिमालयात इच्छा, ज्ञान व क्रिया यांचा समन्वय होऊन लाभणारा आनंद. रूपकाची मुभा प्रसादांनीच प्रास्ताविकात दिली होती. तेव्हापासून मनू म्हणजे मन, श्रद्धा म्हणजे हृदय, इडा म्हणजे बुद्धी असे समीकरण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपासून प्रबंधांपर्यंत रूढ झाले. काश्मीरी शैवमताच्या आधारे त्याला दार्शनिक प्रतिष्ठाही मिळाली. हे समीकरण सोयीचे खरे, पण ते लावले की काव्यातील निम्म्याहून अधिक तपशील निरुपयोगी होतात. मन या तत्त्वाला गर्भवती पत्नीचा मत्सर का वाटावा? बुद्धीवर बळजबरी केल्याबद्दल प्रजा शस्त्र का उचलते?

मुक्तिबोधांच्या ‘कामायनी : एक पुनर्विचार’ (१९६१) या ग्रंथाचा आरंभ अशाच अस्वस्थतेतून झाला, आणि त्यामागे अनेक वर्षांचे चिंतन होते. त्यांच्या मते ‘कामायनी’ ही वेदपुराणकाळाची कथा नव्हे, आणि मनोव्यापारांचे रूपकही नव्हे. ती एक विशाल फँटसी आहे, आणि तिच्या पडद्याआड प्रसादांनी आपल्या काळाचे जीवन पाहिले आहे. भोगविलासात बुडून नष्ट झालेली देवजाती म्हणजे ऱ्हासाला लागलेला सरंजामी वर्ग. मनू त्याच वर्गाचा वंशज. भोगाची लालसा, अधिकाराची हाव आणि स्वतःच्या दुःखाचे अतोनात कौतुक हे त्याचे वारशात मिळालेले गुण. सारस्वत नगरात तो आधुनिक राज्य उभारतो, यंत्रे आणतो, श्रमविभागणी करतो. पण नियम इतरांसाठी, स्वतःसाठी नव्हे, ही त्याची वृत्ती सुटत नाही. वर्गभेदाने चिरलेल्या त्या नगराचे चित्र रेखाटताना प्रसादांनी आधुनिक संस्कृतीची जी समीक्षा केली तिचा मुक्तिबोधांनी मुक्तकंठाने गौरव केला आहे. त्यांचा आक्षेप उपायाला आहे. रोग समाजात दिसतो आणि औषध कैलासावर सांगितले जाते.

श्रद्धेविषयीचे त्यांचे विवेचन सर्वांत वादग्रस्त ठरले. क्षमाशील, वत्सल, सहनशील अशी श्रद्धा परंपरागत वाचकाच्या दृष्टीने काव्याचा प्राण. मुक्तिबोधांना तिच्यात एक निराळीच गोष्ट दिसली: ती मनूच्या अपराधाचा जाब कधीच विचारीत नाही. तिच्या क्षमेमुळे तो शुद्ध होत नाही, केवळ सुटतो. उलट इडा, जिला काव्यात शेवटी अपराध्याप्रमाणे नमते घ्यावे लागते, तीच कायद्याच्या आणि प्रजेच्या बाजूने मनूसमोर ठामपणे उभी राहिलेली आहे. इडेचीही मर्यादा आहे, कारण तिने उभारलेली व्यवस्था विषमतेवरच उभी आहे; परंतु दोघींमध्ये लेखकाने आपला कौल असा का दिला, हा प्रश्न मुक्तिबोधांनी विचारला आणि त्याचे उत्तर पात्रांत नव्हे तर लेखकाच्या जीवनदृष्टीत शोधले. कथानकाने दिलेला निवाडा आणि पात्रांच्या प्रत्यक्ष वर्तनातून निघणारा निवाडा यांत अंतर पडते, आणि कृतीचा खोल अर्थ त्या अंतरातच दडलेला असतो, हे त्यांच्या समीक्षापद्धतीचे मर्म होय.

या ग्रंथावर आक्षेप घेता येतात, आणि घ्यावयासही हवेत. मन-हृदय-बुद्धी या जुन्या रूपकाच्या जागी सरंजामशाही-भांडवलशाही हे नवे रूपक ठेवण्यापर्यंत काही प्रकरणे जातात. तेथे पात्रांचे मांसल अस्तित्व पुन्हा हरपते. श्रद्धेच्या मातृत्वाचे जे कोमल प्रसंग प्रसादांनी रंगविले त्यांच्याकडे समीक्षक घाईने पाहतो. काव्याच्या नादमाधुर्याविषयी तर तो जवळजवळ मौनच पाळतो. शैवदर्शनाचे जाणकार त्यांच्यावर रुष्ट झाले ते सर्वस्वी अकारण नव्हते. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मनूविषयी मुक्तिबोध जे कठोर शब्द वापरतात त्यांत परक्याची तुच्छता नाही. स्वतःच्या दुःखात रमणारा, कृतीच्या क्षणी कच खाणारा, पश्चात्तापालाच पराक्रम समजणारा हा माणूस त्यांना आतून ओळखीचा होता. ‘ब्रह्मराक्षस’ या त्यांच्या कवितेतील विहिरीत कोंडलेला, ज्ञानाने पछाडलेला, अंग घासघासूनही स्वच्छ न होणारा तो प्राणी मनूचाच मध्यमवर्गीय आप्त आहे. पात्रावर चालविलेला हा खटला बऱ्याच अंशी आत्मपरीक्षणच होता. हीच दृष्टी त्यांनी पुढे दिनकरांच्या ‘उर्वशी’लाही लावली आणि तेथील कामभावनेला चढविलेले अध्यात्माचे आवरण दाखवून दिले, पण तेथे त्यांचा सूर बाहेरच्या माणसाचा आहे, म्हणून ते लेखन ‘कामायनी’वरील ग्रंथाइतके खोल उतरत नाही.

१९५८ मध्ये त्यांना राजनांदगाव येथील दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले. जुन्या संस्थानिकांच्या वाड्यातले महाविद्यालय, दोन्ही बाजूंना तलाव, वाड्याच्याच एका भागात राहण्याची जागा, वर जाणारा चक्राकार जिना. आयुष्यात प्रथमच थोडी स्थिरता आली. उत्तम कविता येथेच पूर्ण झाल्या. विहिरी, पडके वाडे, जिने आणि काळोखी पाणी यांची त्यांच्या कवितेत जी गर्दी आहे तिला ही जागा चांगलीच मानवली. पूर्वाश्रमीच्या संस्थानिकांच्या ओसाड महालात बसून सरंजामी वर्गाच्या ऱ्हासाचा विचार करणारा तो माणूस, हा योगही विलक्षणच.

ही स्वस्थता फार टिकली नाही. संसाराला हातभार म्हणून त्यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक लिहिले होते. काही संघटनांनी त्याविरुद्ध गदारोळ उठविला, आणि सप्टेंबर १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. पंधरा वर्षांपूर्वी ज्या शहरात ते मुलांना शिकवीत होते, त्याच शहरात मुलांसाठी लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाचा न्याय व्हावयाचा होता. आर्थिक नुकसान तर झालेच. त्याहून मोठा आघात मनावर झाला. मुक्तिबोधांना एरवीही कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे अशी धास्ती वाटे, आणि स्नेही तिची हळुवार थट्टा करीत. आता थट्टेला जागा उरली नाही. ‘अँधेरे में’ या दीर्घ कवितेत मध्यरात्री निघणारी ती मिरवणूक, तिच्यात दिसणारे प्रतिष्ठितांचे चेहरे, आणि ते पाहिल्याबद्दल मागे लागलेले शिपाई, यांच्याकडे केवळ कल्पनेचा खेळ म्हणून पाहता येत नाही. अर्थात ती कविता एका बंदीची प्रतिक्रिया आहे असे समजणेही चूकच; तिची जुळवाजुळव त्यापूर्वीच सुरू झालेली होती.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. प्रथम भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचार झाले. परसाई आणि इतर स्नेह्यांनी धावपळ केली. दिल्लीतील लेखकांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापर्यंत विषय नेला, आणि त्यांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलविण्यात आले. मेंदूच्या आवरणाचा क्षयजन्य दाह असे निदान झाले. दीर्घ बेशुद्धीनंतर ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह प्रसिद्ध झालेला नव्हता. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या संग्रहाची सिद्धता श्रीकांत वर्मा यांनी केली, प्रस्तावना शमशेर बहादूर सिंह यांनी लिहिली, आणि भारतीय ज्ञानपीठाने तो त्याच वर्षी काढला; कवीला तो पाहावयास मिळाला नाही. जबलपूरच्या ‘वसुधा’साठी लिहिलेल्या लेखांचे पुस्तकही १९६४ मधलेच. समग्र लेखन एकत्र आले ते १९८० मध्ये, शुजालपूरपासूनचे मित्र नेमिचंद्र जैन यांनी संपादिलेल्या सहा खंडांत. ‘अँधेरे में’ मात्र हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात नोव्हेंबर १९६४ मध्ये, कवीच्या सत्तेचाळिसाव्या जन्मदिनाच्या महिन्यात, निराळ्याच शीर्षकाने छापून आली.